फू-गो: जपानी बॉम्बचा फुगा, त्याचे सुटे भाग आणि त्यातली वाळू

वाटसरू_पोर्टलंड

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. गेल्या महिन्यात लाँग वीकेंडला आम्ही ओरेगॉनमधल्या क्लॅमथ फॉल्सकडे गेलो होतो, क्रेटर लेक बघून झालं, एक दिवस हातात उरला होता म्हणून नवऱ्याने मॅपवर शोधून काढलं की ब्लाय नावाच्या छोट्या गावाजवळ जंगलात एक स्मारक आहे, जाऊया. मला वाटलं असेल काहीतरी पायोनियर लोकांचं. तिथे पोचलो तर चिटपाखरू नाही, उंच पाईनची झाडं, मधे दगडी बांधकाम आणि त्यावर ब्राँझची पाटी. पाटीवर सहा नावं आणि वयं. एक २६ वर्षांची बाई, बाकीची पाच मुलं, ११ ते १४ वर्षांची. तारीख ५ मे १९४५. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या कारवाईत अमेरिका खंडाच्या भूमीवर माणसं मेली ती फक्त याच ठिकाणी, असं त्या पाटीवर लिहिलंय.

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. त्याने पाटी वाचली आणि विचारलं, आई हे काय करत होते इथे? मी म्हटलं, पिकनिकला आले होते. खरंच तेवढंच होतं ते. गावातले पाद्री, त्यांची गरोदर बायको आणि संडे स्कूलची मुलं मासे पकडायला आलेली. पाद्री गाडी लावत होते, तेवढ्यात पुढे गेलेल्या मुलांना जमिनीवर काहीतरी पडलेलं दिसलं, त्यांनी हाक मारली, आणि स्फोट. पाद्री सोडून सगळे गेले. शेजारी एक पाईनचं झाड आहे त्याच्या बुंध्यावर तुकड्यांचे घाव दाखवतात.

तो बॉम्ब विमानातून पडला नव्हता, जपानहून कागदाच्या फुग्याला लटकून आला होता. घरी आल्यापासून मी याच विषयात अडकलेय. जपानीत फुग्याला फूसेन म्हणतात, त्यातला फू घेऊन फू-गो हे नाव (आपला 'फुगा' इतका जवळ यावा हा निव्वळ योगायोग). ३ नोव्हेंबर १९४४ पासून एप्रिल १९४५ पर्यंत साधारण ९,३०० फुगे सोडले, त्यातले ३०० च्या आसपास अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत सापडले. पण काही गोष्टी डोक्यात बसत नाहीयेत. कागदात हायड्रोजन टिकतो कसा? आणि आत माणूस नाही, रेडिओवरून हाकणारं कोणी नाही, तर पॅसिफिक ओलांडून तीन दिवस तो फुगा वर राहिला कसा? म्युझियमच्या फोटोंमधे खाली एक चाकासारखं काहीतरी दिसतं ते काय असतं? जाणकारांनी लिहा प्लीज.

जुनी_लेथ

ताई, पाटीबद्दल वाचून गलबलायला झालं. मी रिटायर्ड मेकॅनिकल माणूस, जुन्या यंत्रांचे सुटे भाग हा माझा आवडता विषय, त्यामुळे चाकाबद्दल मी सांगतो.

फुगा फुगला की साधारण १० मीटर व्यासाचा. त्याच्या पोटाभोवती एक पट्टा, पट्ट्याला बरेच दोर, सगळे दोर खाली एकत्र येतात आणि तिथे लटकतं ते हे चाक. अ‍ॅल्युमिनियमचं, झुंबरासारखं दिसतं आणि इंग्रजीत लोक त्याला झुंबरच म्हणतात. चाकाच्या कडेला गोल रांगेत वाळूची पोती, तीसेक. मधे खाली एक १५ किलोचा बॉम्ब आणि बाजूला छोटे आग लावणारे. वरच्या बाजूला हवेचा दाब मोजणारी अ‍ॅनरॉइड डबी आणि एक बॅटरी, ती गोठू नये म्हणून वेगळ्या डबीत ठेवलेली, कारण वर ३०,००० फुटांच्या आसपास थंडी भयंकर.

आता तुमचा दुसरा प्रश्न. दिवसा ऊन लागलं की आतला गॅस फुगतो, फुगा वर चढतो, फार चढला तर फाटेल, म्हणून फुग्याच्या तळाशी एक व्हॉल्व्ह, दाब वाढला की जास्तीचा गॅस सोडून देतो. रात्री उलट, गॅस थंड होतो, आकसतो, फुगा खाली यायला लागतो. ठरलेल्या उंचीच्या खाली आला की दाबाच्या डबीला ते कळतं आणि दोन पोती सुटतात. वजन कमी, फुगा परत वर. परत खाली आला, परत पोती. असं करत करत सगळी वाळू संपेपर्यंत तीन दिवस जातात आणि तोपर्यंत खाली समुद्र नसून अमेरिका असणार असा हिशोब. शेवटी बॉम्ब सुटायचे आणि फुग्याने स्वतःला जाळून घ्यायचं म्हणजे मागे पुरावा नको. डिझाइन करणाऱ्याने चालक नसलेलं, तीन रात्री स्वतःचं स्वतः सांभाळणारं यंत्र १९४४ साली बनवलं, या कामाला इंजिनिअर म्हणून दाद द्यावीच लागते आणि ते कशासाठी बनवलं ते आठवलं की तोंडाची चव जाते.

पण ते नेहमी नीट चाललं नाही. बऱ्याच फुग्यांमधे वर थंडीत काहीतरी बिघडायचं आणि मग बॉम्बसकट सगळं खाली यायचं. ब्लायला तेच झालं.

शेवळाची_भाजी

कागदाचं मी सांगते, बॉटनी शिकवायचे मी. कागद म्हणजे वाशी, कोझो नावाच्या झाडाच्या सालीच्या आतल्या धाग्यांचा. कोझो म्हणजे कागदी तुती, आपल्या तुतीच्या, वडाच्या, फणसाच्याच कुळातली. लांब धाग्यांचा कागद असल्यामुळे फाटत नाही सहज. असे पातळ कागद एकावर एक तीन-चार थर चिकटवायचे, आणि चिकटवायला खळ कशाची तर कोन्याकुची.

कोन्याकु माहितीये का कोणाला? आपला सुरण. म्हणजे अगदी सुरण नाही पण त्याचा सख्खा चुलत भाऊ, अमॉर्फोफॅलस याच वंशातला. आणि पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे-रायगडच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात ना, तेही याच वंशातलं (माझा आयडी उगाच नाहीये). कोन्याकुच्या कंदाचं पीठ पाण्यात कालवलं की घट्ट बुळबुळीत खळ होते, आणि कागदावर वाळली की हायड्रोजन अडवून धरते. हायड्रोजन म्हणजे सगळ्यात हलका, कुठूनही निसटणारा. नौदलाने रबर लावलेल्या रेशमाचेही थोडे फुगे केले होते पण सैन्याचा हा कागद-कोन्याकुवाला सगळ्यात जास्त वापरला गेला, हलका आणि स्वस्त.

आणि हे चिकटवलं कोणी? शाळेतल्या मुलींनी. तेरा-चौदा-पंधरा वर्षांच्या. शाळा बंद करून त्यांना कामाला लावलं होतं. नखं कापलेली हवीत, केसात पिन नको, कागदाला ओरखडा येता कामा नये. एका फुग्याला कागदाचे सहाशेच्या आसपास तुकडे. मोठ्या जागा लागायच्या म्हणून थिएटरं, तोक्योचा सुमो कुस्तीचा हॉल असल्या ठिकाणी फुगवून तपासायचे. ओकुनोशिमा बेटावर विषारी वायूचा कारखाना होता, तिथेही मुलींकडून हे काम करून घेतलं. लढाईच्या त्या शेवटच्या वर्षात खायला इतकं कमी होतं की कामावरची माणसं ती कोन्याकुची खळ चोरून खायची. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्या मुली जेवढ्या वयाच्या तेवढ्याच वयाची मुलं ब्लायला गेली.

वाटसरू_पोर्टलंड

शेवळाची_भाजी, सुरण!! आता मी सुरणाची भाजी कशी करू सांगा.

तुमची शेवटची ओळ वाचून आठवलं, स्मारकाजवळ चेरीची झाडं आहेत. त्यांची गोष्ट वाचली तिथे. त्या कारखान्यात काम केलेल्या काही बायकांना ४० वर्षांनंतर कळलं की त्यांच्या फुग्याने मुलं मेली. तोपर्यंत त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी १९८७ मधे कागदाचे हजार क्रौंच करून त्या कुटुंबांसाठी पाठवले. परत कागदच. आणि हे जुळवून आणलं एका जपानी-अमेरिकन प्राध्यापकांनी, जे स्वतः युद्धाच्या काळात ट्युली लेकच्या छावणीत (अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना कोंडलं होतं तिथे) काटेरी तारेमागे होते, ती छावणी ब्लायपासून फार लांब नाही. १९९५ मधे चेरीची झाडं लावली. मी त्या झाडांखाली उभी होते आणि मला हे काहीच माहीत नव्हतं.

तांबडी_माती

धागा वाचून राहवलं नाही. मी पुण्यात एमएस्सी जिऑलॉजी केलं, फोरामिनिफेरा (कवच असलेले समुद्रातले अतिसूक्ष्म जीव, थोडक्यात फोरॅम) हा माझा विषय होता, आणि आमच्या सरांनी पहिल्याच महिन्यात फू-गोची गोष्ट सांगितली होती. सगळे बॉम्बबद्दल बोलतात, पण खरी गोष्ट वाळूच्या पोत्यांची आहे.

अमेरिकनांना आधी पटेचना की हे थेट जपानहून येतायत. कोणाला वाटलं पाणबुडीतून सोडतायत, कोणाला वाटलं किनाऱ्यावर उतरलेल्या टोळ्या सोडतायत, जपानी लोकांना कोंडलेल्या छावण्यांवरसुद्धा संशय घेतला. मग काही पोती न फुटता हाती लागली आणि ती अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या मिलिटरी जिऑलॉजी युनिटकडे गेली. युनिटला विचारलं, ही वाळू कुठली?

मूठभर वाळू. पण वाळू कधीच नुसती वाळू नसते. आपल्याकडचं उदाहरण घ्या. रत्नागिरीजवळ मिऱ्या, काळबादेवीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू हातात घेतली की जड लागते, कारण त्यात इल्मेनाईट आहे, सह्याद्रीच्या बसाल्टमधून झिजून आलेलं. ती वाळू केरळची नाही आणि गुजरातची नाही हे सूक्ष्मदर्शक असलेला कोणीही सांगू शकेल. तसंच तिथे. आधी खनिजं बघितली, हायपरस्थीन, ऑजाइट, ज्वालामुखीच्या खडकातली. ग्रॅनाईटचा मागमूस नाही. म्हणजे अमेरिकेचा पश्चिम किनारा नाही. मग प्रवाळाचे कण शोधले, एकही नाही. जपानच्या मुख्य बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर साधारण तोक्योच्या उत्तरेला प्रवाळ संपतं, म्हणजे दक्षिणेकडचे किनारे बाद. मग डायटम, म्हणजे काचेच्या कवचाचे अतिसूक्ष्म शेवाळ, त्यातले काही आजचे आणि काही जीवाश्म, शंभरावर जाती. आणि फोरॅम्स, माझे लाडके, त्यांच्या जाती जपानच्या किनाऱ्यांवर युद्धाआधी जपानी शास्त्रज्ञांनीच नोंदवून छापलेल्या होत्या. वॉशिंग्टनच्या लायब्ररीत ते जपानी पेपर पडलेले होतेच. ते काढले आणि जुळवत बसले.

उत्तर आलं ते असं की दोनच किनारे जुळतात, त्यातला एक तोक्योच्या पूर्वेला इचिनोमियाजवळचा लांबलचक किनारा. विमानातून फोटो काढले तर तिथे खरंच हायड्रोजन बनवायचे प्लांट दिसले. खरी सोडण्याची ठिकाणं तीन होती, ओत्सु, इचिनोमिया आणि नाकोसो. तीनातलं एक मुठीतल्या वाळूवरून सांगितलं!

त्या युनिटमधे जुलिया गार्डनर नावाच्या शंख-शिंपल्यांच्या तज्ञ होत्या, साठीच्या पुढच्या. ज्या विद्येला लोक बिनकामाची म्हणतात, कोणता शिंपला कोणत्या किनाऱ्यावर, कोणता फोरॅम किती खोलीवर, त्या विद्येने हे केलं. मला घरी सगळे विचारायचे, फोरॅम बघून नोकरी मिळणार का. तेव्हा मी ही गोष्ट सांगायचे.

पर्जन्यमापक

वाऱ्याचं कोणीच लिहिलं नाही अजून. हे फुगे गेले ते जेट स्ट्रीमवर, म्हणजे खूप उंचावरच्या वाऱ्याच्या झोतावर बसून, हिवाळ्यात जपानवरून पूर्वेकडे तो प्रचंड वेगाने वाहतो. तो सगळ्यात आधी नीट मोजला वासाबुरो ओइशी यांनी, तातेनोच्या वेधशाळेत १९२० च्या दशकात, पायलट बलून, म्हणजे वारा मोजायचे छोटे फुगे, सोडून सोडून. आणि त्यांनी ते छापलं एस्पेरांतो या जगभरासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत, १९२६ मधे! त्यांना वाटलं जगभर वाचलं जाईल, पण बाहेरच्या देशांत जवळपास कोणी वाचलंच नाही. अमेरिकेच्या बी-२९ विमानांना १९४४ मधे जपानवर उंचावरून बॉम्ब टाकताना तो वारा अंगावर आला आणि त्यांचे नेम चुकायला लागले. म्हणजे फुग्यांना नेणारा आणि बी-२९ ना सतावणारा एकच वारा.

हिवाळाच का निवडला याचं उत्तर पण त्यातच आहे, वारा तेव्हाच जोरात. पण हिवाळ्यात अमेरिकेची जंगलं ओली, बर्फाखाली. आग लागणार कशी? जंगलं पेटवायचा बेत होता तो तिथेच फसला.

सडेतोड_सांगलीकर

सगळ्यांचं वाचलं, माहिती छान आहे, पण मला एक कळत नाही. ९,३०० फुगे, हजारो मुलींची मेहनत, कोन्याकु लोकांच्या ताटातून काढून, आणि हाती काय आलं तर सहा निरपराध. हा पूर्ण फसलेला प्रकल्प होता, त्याचं एवढं कौतुक कशाला?

जुनी_लेथ

सांगलीकर, कौतुक कोणीच करत नाहीये हो. पण पूर्ण फसला म्हणाल तर एक गोष्ट ऐका. १० मार्च १९४५ ला एक फुगा वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला जाणाऱ्या विजेच्या तारांवर अडकला आणि लाईन ट्रिप झाली. हॅनफर्डला काय होतं, तर प्लुटोनियम बनवणारे रिअ‍ॅक्टर. ते आपोआप बंद पडले. सुरक्षा यंत्रणा नीट चालली म्हणून पुढचं काही झालं नाही आणि रिअ‍ॅक्टर परत चालू झाले. नागासाकीवर जो बॉम्ब पडला त्याचं प्लुटोनियम याच हॅनफर्डचं. सोडणाऱ्यांना हे कळायला मार्गच नव्हता.

मार्ग नव्हता कारण अमेरिकेने बातम्याच दाबल्या. पेपर आणि रेडिओला विनंती केली, काही छापू नका, आणि सगळ्यांनी ऐकलं. जपानला सुरुवातीच्या एखाद-दुसऱ्या बातमीनंतर काही कळलंच नाही, फुगे पोचतायत का बुडतायत. त्यात बी-२९ नी हायड्रोजनचे प्लांट उडवले, एप्रिलमधे बंद. पण त्याच गप्प बसण्यामुळे ब्लायच्या लोकांना कोणी सांगितलं नव्हतं की जंगलात असं काही दिसलं तर हात लावू नका. ती माणसं गेल्यावर मे महिन्यात सरकारने जाहीर केलं. मला हा निर्णय आजही गळ्याखाली उतरत नाही. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी नाही उतरत.

खिदिरपूरकर

माझे आजोबा युद्धात कलकत्त्याला गोदीत नोकरीला होते, म्हणून जपानी बॉम्ब म्हटलं की मला तेच आठवतं. २० डिसेंबर १९४२ ला पहिल्यांदा बॉम्ब पडले, शहर रिकामं व्हायला लागलं, हावडा स्टेशनावर पाय ठेवायला जागा नाही. खिदिरपूर गोदीवर ५ डिसेंबर १९४३ ला भर दिवसा हल्ला झाला. त्याआधी ६ एप्रिल १९४२ ला विशाखापट्टणम आणि काकीनाडा. विशाखा म्युझियममधे त्या वेळच्या जपानी बॉम्बचं कवच ठेवलंय, मी पाहिलंय, लोक समोरून न थांबता पुढे जातात. आणि आपल्या मराठा लाईट इन्फंट्रीची एक पलटण १९४४ मधे मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांशी लढली, त्याबद्दल वेगळा धागा हवा.

प्रश्न असा की विमानातून टाकायचे जपानी बॉम्ब आणि हा फुग्याचा बॉम्ब, यांचे भाग एकच होते का?

जुनी_लेथ

चांगला प्रश्न. फुग्याला लटकवलेला १५ किलोचा बॉम्ब हा सैन्याचा नेहमीचाच होता, ९२ टाइप, विमानातून टाकायचा. नवीन फक्त वाहन. पण जपानी सैन्य आणि जपानी नौदल यांचं एकमेकांशी इतकं वाकडं की दोघांचे बॉम्ब वेगळे, फ्यूज वेगळे, नावं ठेवायची पद्धत वेगळी. नौदल वजनाला दहाने भागून नंबर द्यायचं, ६ नंबर म्हणजे ६० किलो, २५ नंबर म्हणजे २५० किलो, ८० नंबर म्हणजे ८०० किलो. कारखाने दोन, साचे दोन, आणि देशात पोलादाचा तुटवडा.

त्यातला ८० नंबर सगळ्यात प्रसिद्ध. पर्ल हार्बरला अमेरिकेची युद्धनौका अ‍ॅरिझोना बुडवली तो. तो मुळात बॉम्ब नव्हताच. नागातो वर्गाच्या युद्धनौकांच्या ४१ सेंटिमीटरच्या तोफांचे चिलखतभेदी गोळे घेतले, लेथवर चढवून बाहेरून उतरवले, टोकापासून शेपटीकडे निमुळते केले, मागे पत्र्याचे पंख जोडले. वजन ८०० किलो आणि आत स्फोटक किती, तर २३ किलोच्या आसपास, बाकी सगळं पोलाद. कारण त्याचं काम आधी डेकचं चिलखत फोडून आत जायचं होतं. पण तोफेच्या गोळ्याची भिंत उतरवली की ती कमजोर होते, कुठलाही टर्नर सांगेल. काही आदळताच तडकले, वेस्ट व्हर्जिनिया या दुसऱ्या नौकेवर दोन पडले ते दोन्ही फुटलेच नाहीत. अ‍ॅरिझोनावर पडलेला पुढच्या दारूकोठारापर्यंत पोचला आणि १,१७७ माणसं गेली. १९४१ मधे हे पोलाद होतं त्यांच्याकडे. तीन वर्षांनी कागद आणि सुरण.

तांबडी_माती

एक कळकळीची सूचना सगळ्यांना, विशेषतः तिकडे ट्रेकिंग करणाऱ्यांना. हे फुगे अजून सापडतात. २०१४ मधे कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या लम्बी गावाजवळ जंगलात काम करणाऱ्यांना एक सापडला, अर्धा मातीत गाडलेला. ७० वर्षांनंतर तो इतका धोकादायक होता की नौदलाच्या बॉम्बपथकाने तो हलवलाच नाही, जागेवरच उडवला. गंजलं म्हणजे निकामी झालं असं नसतं, उलट जुनं झालं की त्याचा भरवसा राहत नाही. आपल्याकडेही फायरिंग रेंजच्या आसपास भंगार वेचणाऱ्यांचे हात गेलेत, जीव गेलेत. काही गोल, लोखंडी, पंखवालं दिसलं तर हात लावू नका, मुलांना मागे घ्या, जागा लक्षात ठेवा आणि पोलिसांना कळवा. सोव्हेनिअर म्हणून तर अजिबात नाही.

पर्जन्यमापक

+१. आणि त्या पाद्र्यांचं पुढे काय झालं तेही लिहितो. ते नंतर मिशनरी म्हणून व्हिएतनामला गेले. १९६२ मधे कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यातून व्हिएतकाँगने त्यांना पकडून नेलं. पुन्हा कधी सापडले नाहीत.

वाटसरू_पोर्टलंड

हे मला माहीत नव्हतं. काही वेळ काही सुचलंच नाही वाचून.

मुलाला सगळा धागा वाचून दाखवला, मराठी वाचायला त्याला जड जातं पण ऐकतो. वाळूची गोष्ट त्याला सगळ्यात आवडली. गेल्या डिसेंबरात गणपतीपुळ्याहून आजीने बाटलीत भरून दिलेली वाळू त्याच्या टेबलावर आहे, आता भिंगातून बघत बसलाय आणि विचारतोय की यातले काळे दाणे कुठले. तांबडी_माती, तुम्हाला मेसेज केलाय, फोटो पाठवते, जमलं तर सांगा.

आणि जे तिकडे जाणार असतील त्यांच्यासाठी, एप्रिलच्या आधी जाऊ नका, बर्फाने रस्ता मिळेलच असं नाही. निघण्याआधी पेट्रोल भरून घ्या.